टेप घरी ठेवून

गळ्यात टेप नसली तर बारामतीच्या मंडईतले भाजीवाले मला ओळख दाखवायचे नाहीत. भाचीच्या लग्नात पैठणीवरही ती तशीच लोंबत राहिली होती, आणि वरमाईनं हसत हसत ती काढून घेतली तेव्हा मला खरं सांगायचं तर रागच आला. मुलींना शिवण शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. आमच्या धंद्याचा हा दोष म्हणा की गुण, समोर माणूस आलं की त्याचा चेहरा नंतर दिसतो, आधी खांद्याची शिवण दिसते. कॉलर नीट बसलेली नसेल तर त्या माणसाच्या बोलण्यावर माझा विश्वास बसायला वेळ लागतो. हा अन्याय आहे हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही.

अशा बाईला नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी एक ‘अभ्यास’ करायला सांगितला.

आमच्या संस्थेचे इंदापूर तालुक्यात गावोगावी शिवणवर्ग चालत. एखाद्या देवळाशेजारची खोली, नाहीतर ग्रामपंचायतीनं दिलेली पडवी, त्यात ओळीनं मशिनं, आणि सहा महिन्यांचा अभ्यासक्रम. बाहेरच्यांना वाटतं, शिवण म्हणजे पाय मारायचा आणि सुई चालवायची. तसं नसतं. पहिले कितीतरी दिवस मुली कापडाला हातही लावत नाहीत. खाकी कागदावर माप काढायचं, आखायचं, कापायचं. मग काज, हुक, तुरपाई यांचे इवलेसे नमुने करून फाइलला चिकटवायचे. शेवटी परीक्षा. परीक्षेला बारामतीहून परीक्षक म्हणून मी जायची, आणि माझ्या नावानं मुली आदल्या दिवसापासून नवस बोलायच्या.

परीक्षा झाली, दाखला मिळाला, पुढं काय होतं? संस्थेला हाच प्रश्न पडला होता. जिथं वर्गाचा उपयोग होत नाही तिथला वर्ग बंद करून मशिनं दुसऱ्या गावाला न्यायची होती. ‘शिवणातलं कळणारं माणूस पाठवा’ म्हणून माझं नाव निघालं. अभ्यास कसा करायचा ते शिकवायला पुण्याहून मालतीताई नावाच्या सल्लागार आल्या. बारीक चणीच्या, सुती साडीतल्या. ब्लाउज चांगल्या शिंप्याचा होता, म्हणून माझं त्यांच्याशी जमलं.

पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, ‘‘तुम्हाला शिवणातलं कळतं हीच अडचण आहे.’’

मला वाटलं, चुकून उलटं बोलल्या. म्हटलं, ‘‘न कळणारं माणूस पाठवायचं होतं का मग?’’

‘‘नाही हो. पण तुम्ही गेलात की तुम्हाला टाका दिसणार, बाई दिसणार नाही. आणि त्या बायकांना परीक्षक दिसणार, तुम्ही दिसणार नाही. दोन्ही बाजूंनी पंचाईत.’’

मग त्यांनी मला पथ्यं घालून दिली. टेप घरी ठेवायची. मशीनवर बसायचं नाही. कुणाचं काही चुकलेलं दिसलं तरी दुरुस्त करायचं नाही, कौतुकही नाही. वर्गात नाही, घरी जाऊन भेटायचं. मी त्यांना म्हटलं, ‘‘निरवांगीचा वर्ग मात्र मला नको. तिथली शिक्षिका सुनंदा माझी विद्यार्थिनी आहे. नुसती विद्यार्थिनी नाही, लेकीसारखी आहे.’’

सुनंदा खरंच तशी होती. तिच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडिलांच्या वेळेपासून शेती. शिकायला आली तेव्हा पोरगी कात्री धरायला घाबरायची. पुढं निरवांगीला दिली आणि तिथं वर्ग सुरू झाला तेव्हा मीच तिचं नाव पुढं केलं होतं. वर्ग बंद झाला तर तिचं कामही जाणार होतं.

मालतीताई म्हणाल्या, ‘‘ह्या दोन तालुक्यांत शिवण शिकवणारी तुमची विद्यार्थिनी नाही अशी कोण आहे?’’

कुणीच नव्हती.

‘‘मग निरवांगीला जा. फक्त अहवालाच्या पहिल्या ओळीत लिहा की ही माझी लेकीसारखी आहे. वाचणारा ते धरून वाचेल.’’

प्रश्नावली मीच तयार केली. घरी मशीन आहे का? गिऱ्हाइकांचं शिवता का? मशीन घरात कुठं ठेवलंय? हे प्रश्न मला इतके सरळ वाटले की त्यांवर कुणाला विचारायची गरजही वाटली नाही. मी स्वतः उभी राहिले ती खिडकीखालच्या एका मशीनवर. शिकलेल्या बाईनं आपलं मशीन घ्यावं, आपल्या खिडकीखाली मांडावं, आपल्या दारात गिऱ्हाईक यावं, याहून वेगळं यश काय असतं?

टेप खुंटीला लावून मी अंथुर्ण्यापासून सुरुवात केली. पहिल्याच दारात मला पाहून एक मुलगी घरात पळाली आणि नमुन्यांची जुनी फाइल घेऊन बाहेर आली. ‘‘बाई, पुन्हा परीक्षा हाय व्हय?’’ तिच्या सासूनं तर हात जोडले. ‘‘बाई, पोरीला पास करा. आता तिला दोन लेकरं हायती.’’ मी पन्नास वेळा सांगितलं की ही परीक्षा नाही. पण ते सांगतानाही माझी मान तिरकी होऊन फाइलमधल्या काजाकडे वळत होती, आणि पोरींना तेवढं पुरत होतं.

निरवांगीला गेले तेव्हा दसरा नुकताच झाला होता. अंथुर्ण्यापर्यंत एसटी, पुढं वडाप. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून येताना मनाशी घोकत होते: माया करायची नाही, माया करायची नाही. सुनंदा पाणी घेऊन सामोरी आली. एरवी मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला असता. त्या दिवशी नुसतं ‘‘बरी आहेस ना?’’ म्हटलं आणि यादीतल्या घरांकडे निघाले. ती सोबत आली.

पहिलं घर सरस्वतीचं. मोठी हौशी बाई. ओसरीवर लाकडी पेटीचं हातमशीन. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात, तसं मशीनही पुजलेलं. वर सुकलेला झेंडू आणि अंगावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक. स्वस्तिकाचं एक टोक भलतीकडेच वळलेलं. सरस्वतीच्या अंगात तिनं स्वतः शिवलेला पोपटी ब्लाउज होता, आणि मला एकदम घाम फुटला. दोन्ही बाह्या उलट लागल्या होत्या! बाहीला पुढचा आणि मागचा असा भाग असतो. हात पुढं हलतो म्हणून पुढच्या बाजूनं मुंढा, म्हणजे काखेकडची गोलाई, जरा खोल कापतात. डावी बाही उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावली की मागं चुणी पडते आणि पुढं काखेत कापड काचतं. शिकाऊ मुलींची ही नेहमीची चूक, आणि माझ्या वर्गात ही चूक करून कुणी संध्याकाळपर्यंत तशीच घरी गेली नाही.

सरस्वती गोल फिरली. ‘‘बाई, कसा झालाय?’’

मी जीभ दाताखाली धरली. मालतीताईंचं पथ्य. ‘‘तुला कसा वाटतो?’’ एवढंच विचारलं आणि कागदावर लिहायला लागले. सुनंदा माझ्याकडे बघत राहिली. मग काहीतरी निमित्त काढून बाहेर गेली.

सरस्वतीनं चहा केला. तो पिऊन मी रस्त्यानं कमलच्या घरी गेले. तिच्याकडेही मशीन होतं! मला कोण आनंद झाला. तिथं पुन्हा चहा. तिथून शालनच्या घरी. तिथंही मशीन, लाकडी पेटीचं, वर झेंडू. मी खाली वाकून बघितलं. हळदीकुंकवाचं स्वस्तिक आणि त्याचं एक टोक भलतीकडे वळलेलं.

मी पुढच्या दारानं चहा पीत फिरत होते आणि मागच्या दारानं, बांधावरून, सरस्वतीचं मशीन कुणाच्या तरी डोक्यावरून माझ्या आधी पुढच्या घरी पोचत होतं. शालन अजून धापा टाकत होती बिचारी. एका घरात तर सुईत दोरासुद्धा तोच पोपटी होता.

आज हे सांगताना हसू येतं. त्या दिवशी आलं नाही. कुणाशीही एक अक्षर न बोलता मी वडाप पकडली. सुनंदा जीपपर्यंत मागोमाग आली, ‘‘बाई, थांबा तरी,’’ म्हणाली, आणि मी मान वळवली नाही. बारामतीला पोचेपर्यंत माझा अहवाल मनात लिहून झाला होता. निरवांगीचा वर्ग बंद करावा.

मालतीताईंनी सगळं ऐकून घेतलं. पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, ‘‘हेच दुसऱ्या एखाद्या शिक्षिकेच्या वर्गात झालं असतं तर?’’

‘‘तर काय?’’

‘‘इतका राग आला असता?’’

नसता आला. दुसरी कुणी असती तर ‘बायका बिलंदर आहेत’ असं म्हणून मीही हसले असते आणि मशीन का फिरवलं याची चौकशी केली असती. माया करायची नाही म्हणता म्हणता मी दुसऱ्या टोकाला जाऊन पोचले होते, आणि तिथूनही काही दिसत नव्हतं.

‘‘पुन्हा जा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण एकटीनं नको. बरोबर हिराबाईंना न्या. प्रश्न त्या विचारतील. तुम्ही ऐकायचं.’’

हिराबाई आमच्या संस्थेत शेळीपालनाचं काम बघायच्या. धिप्पाड बाई, आवाज माळावरून हाक मारायला घडवलेला. शिवणातलं त्यांना इतकं कळत होतं की तुरपाईला त्या ‘ते बारीक बारीक’ म्हणायच्या. मला त्या शिवणबाई म्हणत. ही काय प्रश्न विचारणार, असं मला वाटलं. जाताना जीपमध्ये मी त्यांना प्रश्नावली समजावून सांगायला लागले, तर म्हणाल्या, ‘‘ऱ्हाऊ द्या वो शिवणबाई. शेरडाच्या घरी गेल्यावर मी एकच इचारती. सकाळपासनं काय काय केलंस ते सांग. दिवस कळला की शेरडू कळतं.’’

शालनच्या ओट्यावर त्या ऐसपैस बसल्या आणि तेच विचारलं. शालन बिचकत सांगायला लागली. भाकऱ्या, धुणं, कांद्याची खुरपणी, जेवण.

‘‘आन दुपारी?’’

‘‘दुपारी वर्गावर जाती.’’

मी हे ऐकलं आणि सोडून दिलं. बायका वर्गावर येतात, बसतात, गप्पा मारतात. माझं उभं आयुष्य त्यात गेलेलं. त्यात विचारण्यासारखं काय होतं?

हिराबाईंनी मात्र डोळे बारीक केले. ‘‘आगं, तुझी परीक्षा कवाच झालीया. मंग वर्गावर कशाला जाती?’’

शालननं एकदम पदर तोंडाशी धरला आणि माझ्याकडे बघितलं. तिथून आम्ही कमलकडे गेलो. दुपार झालेली, ती आधीच वर्गावर गेली होती. सरस्वतीसुद्धा. घरी मशीन असून.

‘‘चला, वर्गावर जाऊ,’’ हिराबाई म्हणाल्या.

शिकणाऱ्या मुलींचा वर्ग सकाळचा. दुपारी खोलीला कुलूप असायला हवं होतं. दार नुसतं लोटलेलं होतं आणि आतून सगळी मशिनं एकदम चालल्याचा आवाज येत होता. तो आवाज मला झोपेतही ओळखू येतो. शिकणाऱ्या मुलींची मशिनं अडखळत चालतात. ही पळत होती. दार ढकललं. शाळेचे निळे फ्रॉक, खाकी चड्ड्या, झंपर, उशांचे अभ्रे. जुन्या मुली मशिनांवर, मध्ये सतरंजीवर कातरणाचा ढीग, आणि सुनंदा उभी राहून कापत होती.

मशिनं एक एक करून थांबली.

नियम असा होता की वर्गाची मशिनं फक्त शिकणाऱ्यांसाठी; त्यांवर गिऱ्हाइकाचं काम करायचं नाही. तो नियम करणाऱ्यांत मीही होते.

‘‘सुनंदा, हे कधीपासून?’’

तिनं कात्री खाली ठेवली. ‘‘पहिली ब्याच पास झाली तवापासनं.’’

‘‘मग मला हे दाखवायचं सोडून ते मशीन कशाला फिरवलंत?’’

‘‘तुमी इचारत हुता, घरी मशीन हाय का. हे कुणी इचारलंच न्हाय. आन हे तर चोरून हाय. तुमी सरस्वतीच्या बाह्या बघितल्या आन गप बसला. बाई, सात जन्मात तुमी उलटी बाही बघून गप बसल्या न्हाय! तवाच वळखलं. म्हटलं, ह्या आपल्या बाई न्हाईत. ह्या वर्ग बंद करायला आल्याती. मंग मी मागल्या दारानं कमलला सांगितलं, उचल मशीन.’’

मी कुठल्याही बाजूला झुकू नये म्हणून घट्ट धरलेली जीभ त्या बायकांना भिववायला पुरली होती.

हिराबाईंना असलं काही अवघड वाटत नसे. त्यांनी सरळ विचारलं, ‘‘पर आपापल्या घरी मशीन घिऊन का शिवत न्हाय तुमी? ह्या सरस्वतीच्या घरी तर हाय की.’’

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. त्यांतून सरस्वतीचा आवाज वर निघाला. ‘‘घरचं मशीन म्हंजी घरचं काम वो! सासू म्हणती परकर शीव, नणंद म्हणती पोराचं झबलं शीव. गिऱ्हाइकाचं कापड तसंच पडून. हितं आलं की काम ते काम. कुणी हाक मारीत न्हाय.’’

सुनंदा म्हणाली, ‘‘आन एकटीला समदं येत न्हाय, बाई. कमलचा हात कापण्यात बसलाय. शालनचं काज बघा. सरस्वती सरळ शिलाई मारती, वाऱ्यासारखी. बाह्या तिला आमी देत न्हाय.’’

सरस्वती सोडून सगळ्या हसल्या.

मी खाली सतरंजीवर बसले. प्रत्येक मुलीला सगळा कपडा एकटीनं करता आला पाहिजे, हे मी जन्मभर शिकवलं. एकीनं कापायचं, दुसरीनं जोडायचं, तिसरीनं काज करायचं, हे माझ्या वर्गात झालं असतं तर मी ‘नक्कल’ म्हणून तिघींना उभं केलं असतं. माझ्या प्रश्नावलीप्रमाणे हा वर्ग साफ नापास होता. आणि सबंध दौऱ्यात मी इतकं जिवंत शिवणकाम कुठंच बघितलं नव्हतं.

पण आता खरी अडचण होती. हे लिहिलं तर वर्गाचा उपयोग दिसणार, आणि त्याच ओळीत सुनंदानं नियम मोडल्याचंही दिसणार. कदाचित वर्ग राहील आणि ती जाईल. नाही लिहिलं तर दोन्ही जाणार. मी मालतीताईंना म्हटलं, माझ्यानं हे होणार नाही. त्या म्हणाल्या, ‘‘जे लिहाल ते आधी त्यांना वाचून दाखवा. त्यांचं म्हणणं चुकीचं लिहिलं असेल तर त्या सांगतील.’’

असं कुणी करतं हे मला माहीत नव्हतं. परीक्षक कधी निकाल वाचून दाखवून ‘बरोबर आहे का’ विचारतो? पण गेले. भर दुपारी, त्याच खोलीत, अहवाल मोठ्यानं वाचला. पहिली ओळ वाचली, ‘या वर्गाची शिक्षिका मला लेकीसारखी आहे, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचावं.’ सुनंदा खाली बघत होती. मशीन फिरवल्याचा भाग आला तेव्हा बायका इतक्या हसल्या की मला थांबावं लागलं. नियमाचा भाग आला तेव्हा कुणी हसलं नाही.

‘‘हे काढू का?’’ मी सुनंदाला विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

तिनं मान वर केली. मग म्हणाली, ‘‘न्हाय. लिवा. चोरून शिवलं असं लिवा. पर वंगाळ शिवलं न्हाय, हेबी लिवा.’’

ते मी तिच्याच शब्दांत लिहिलं.

समितीपुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. एका गृहस्थांची कॉलर बसलेली नव्हती. त्यांनीच पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. ‘‘बाई, तुम्हीच म्हणता ती तुमची लेक. मग आम्ही विश्वास कसा ठेवायचा?’’ मी म्हटलं, ठेवू नका. जिला शिवणातलं काही कळत नाही आणि जिचा सुनंदाशी काही संबंध नाही, अशा बाईला पाठवा. त्यांनी हिराबाईंना एकटीला पाठवलं. हिराबाई परत आल्या त्या निरवांगीच्या वर्गात शिवलेला नवा झंपर घालून. ‘‘हितला शिंपी मला काखेत आवळीत हुता, ह्यो झंपर बघा,’’ म्हणून त्यांनी भर समितीत दोन्ही हात वर करून दाखवले. माझ्या सगळ्या कागदांपेक्षा त्या हातांनी जास्त काम केलं. वर्ग राहिला. सुनंदा राहिली. दुपारची वेळ जुन्या मुलींना रीतसर मिळाली.

सगळंच गोड झालं असं नाही. आधी जिथं जुनी प्रश्नावली घेऊन गेले होते, तिथं मालतीताईंनी मला परत पाठवलं. एका गावातला वर्ग तोपर्यंत उठला होता, खोलीत खताची पोती भरली होती. तिथं दुपारी काय चालायचं ते मला कधीच कळलं नाही. त्या गावावरून एसटी गेली की मी अजून दुसऱ्या खिडकीतून बघते.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला निरवांगीच्या बायकांनी मला बोलावलं. सगळी मशिनं पुसून, झेंडू घालून ओळीनं मांडलेली. स्वस्तिकं सरस्वतीनंच काढली असावीत, कारण प्रत्येकाचं एक टोक भलतीकडे होतं. मी दारात उभी राहिले, काही न बोलता. सवयच लागली होती. टेपही घरीच होती.

सुनंदा आतून आली. स्वतःच्या गळ्यातली टेप काढली आणि माझ्या गळ्यात घातली.

‘‘चौकशी संपली, बाई,’’ ती म्हणाली. ‘‘आता बोला.’’

मी गच्च भरलेल्या डोळ्यांनी खोलीभर नजर फिरवली. समोरच सरस्वती उभी होती, सणाचा म्हणून तोच पोपटी ब्लाउज घालून.

‘‘सरस्वती,’’ मी म्हटलं, ‘‘आधी त्या दोन्ही बाह्या उसव.’’

तिनं दोन्ही काखा चाचपल्या. ‘‘आगं बया! उसवायच्या तशाच ऱ्हायल्या व्हय! तरी म्हटलं, वरीसभर काचतंय काय!’’

खोलीत असा काही हशा उठला की बाहेरची माणसं डोकावायला लागली. सुनंदानं कात्री माझ्या हातात दिली, आणि मी मशीनवर बसले.